बेसिनात ओतण्याआधी

दुपारी साडेचारच्या सुमाराला बारावीची शेवटची बॅच सुटते, तेव्हा कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशाळेत जाऊन उभे राहा. वीस विद्यार्थी, प्रत्येकाच्या स्टँडमध्ये दहा-बारा परीक्षानळ्या, आणि त्या सगळ्या एकापाठोपाठ एक बेसिनात उपड्या होत असतात. कुणाचा लेड क्रोमेटचा पिवळाधमक अवक्षेप, कुणाचा बेरियम सल्फेटचा पांढरा, कुणाचं मोरचुदाचं निळं पाणी. नळ पूर्ण सोडलेला असतो. अर्ध्या मिनिटात बेसिन स्वच्छ दिसायला लागतं आणि प्रयोग संपला असं सगळे समजतात.

नोकरीच्या सुरुवातीला मीही तसंच समजत होतो. मग एका वर्षी बेसिनाखालचा पाइप आम्लाने खाऊन गळायला लागला. प्लंबर आला, त्याने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "सर, हे पाणी पुढे जातं कुठं?" मला सांगता येईना. आमचे प्रयोगशाळा परिचर, तो प्लंबर आणि मी असे तिघे पाइपच्या मागाने इमारतीच्या पाठीमागे गेलो. तिथे एक शोषखड्डा होता आणि शोषखड्ड्यापासून वीसेक पावलांवर विहीर. तिचं पाणी बागेला जायचं आणि उन्हाळ्यात टाकीतही चढवलं जायचं.

खेड्यापाड्यांतल्या आणि तालुक्याच्या गावातल्या कितीतरी महाविद्यालयांची रचना अशीच असते. शहरात शोषखड्ड्याऐवजी गटार असतं, ते नाल्याला आणि नाला नदीला मिळतो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र वाटेत असलं तरी ते मलमूत्र आणि साबणाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं असतं. सेंद्रिय मळ जिवाणू खाऊन टाकतात. शिशाला, क्रोमियमला, कॅडमियमला खाणारं कुणी नाही. ते फार तर गाळात बसतात आणि गाळ कुणाच्या तरी शेतात जातो. सेप्टिक टँकमध्ये आपण आम्ल ओतलं, तर तिथले जिवाणूच मरतात आणि टाकी आपलं काम करायचं थांबवते.

हा लेख रसायनशास्त्राचे शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांच्यासाठी आहे. कारखान्यांच्या प्रदूषणापुढे आपला कचरा किरकोळ, असं पुष्कळ जण म्हणतात. आकाराने तो किरकोळ आहे खरा. पण कारखान्याच्या सांडपाण्यावर निदान प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते आणि तिथलं रसायन ठरावीक असतं. आपल्या बेसिनातून मात्र एका दुपारी पंधरा वेगवेगळे क्षार जातात आणि ते मोजणारं कुणीच नसतं. शिवाय उद्या त्याच कारखान्यात जाऊन काम करणारी मुलं बेसिनात काय ओतायचं ते आपल्याकडूनच शिकून जातात.

कचरा कुठे ठरतो

रसायनशाळेतला कचरा बेसिनापाशी तयार होतो असं वाटतं, पण तो त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. मार्चमध्ये भरलेल्या मागणीपत्रकात आणि जर्नलमधल्या "३ मिलि द्रावण घ्या" या ओळीत तो ठरतो. म्हणून कामाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं तत्त्व हेच आहे की कचरा निर्माण करून मग त्यावर प्रक्रिया करण्यापेक्षा तो होऊच न देणं बरं.

साधा हिशेब करू. क्षारपरीक्षणात विद्यार्थी मूळ द्रावण ३ मिलि घेतो आणि त्यात अभिकारकही ३ मिलि घालतो. दहा चाचण्या केल्या की ६० मिलि झाले. वीस जणांच्या बॅचचे १२०० मिलि, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास. आता याच चाचण्या थेंबांवर करा. ड्रॉपरचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलि. मूळ द्रावणाचे पाच थेंब आणि अभिकारकाचे पाच थेंब, म्हणजे चाचणीला अर्धा मिलि. बॅचचे मिळून १०० मिलि. कचरा बाराव्या हिश्शावर आला आणि रसायनांचा खर्चही त्याच हिशेबाने उतरला. अवक्षेप तितकाच स्पष्ट दिसतो. बारीक परीक्षानळीत किंवा काळ्या टाइलवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या चकतीवर पांढरा अवक्षेप तर उलट जास्त उठून दिसतो. थेंब मोजून घालताना मुलांचा हातही सावकाश चालतो आणि ती अधिक नीट पाहू लागतात, हा माझा अनुभव आहे.

सूक्ष्म प्रमाणातल्या प्रयोगांची ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात, बोडिन कॉलेजमध्ये आकाराला आली. तिथल्या सेंद्रिय रसायनशाळेतली हवा सुधारायची होती आणि त्यासाठी लागणारी वायुवीजन यंत्रणा महाग पडत होती. तेव्हा डेना मेयो, रोनाल्ड पाइक आणि सॅम्युअल बुचर या अध्यापकांनी प्रयोगच लहान करून टाकले. पैशाच्या अडचणीतून निघालेली ही वाट आपल्या महाविद्यालयांना तर फारच सोयीची आहे.

अनुमापनातही हे करता येतं. ५० मिलिची ब्यूरेट काठोकाठ भरायची, १० मिलि वापरायचं आणि उरलेलं बेसिनात सोडायचं, ही सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ०.०५ मिलिच्या खुणा असलेली १० मिलिची ब्यूरेट बाजारात मिळते. तिच्यावर लहान प्रमाणात केलेलं अनुमापन पुरेसं अचूक येतं. नव्या ब्यूरेट घेण्याइतके पैसे नसतील, तर निदान ब्यूरेटमधलं उरलेलं पोटॅशियम परमँगनेट एका स्वच्छ बाटलीत परत गोळा करा. त्याची तीव्रता पुन्हा काढून ते पुढच्या बॅचच्या सरावाला चालतं. ऑक्झॅलिक आम्ल उरलं तर तेही टाकू नका. शंकुपात्रांवर बसलेला मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी डाग किंचित आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्लाने सहज निघतो. काच धुण्यासाठी क्रोमिक आम्लाचं मिश्रण बनवायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती आजच बंद करा. रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेली काच दुसऱ्या दिवशी साबणाने आणि ब्रशने स्वच्छ निघते. क्षारांचे पांढरे थर असतील तर सायट्रिक आम्ल पुरतं. काचेचा डाग घालवायला सहा संयुजेचं, कर्करोगकारक क्रोमियम वापरणं कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही.

कोणते प्रयोग, कोणते क्षार

पाठ्यक्रम आपण ठरवत नाही, पण त्याच्या चौकटीत कोणता क्षार कितीदा द्यायचा हे बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं. तीन बॅचना शिसं देण्याची गरज नसते. जस्त, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अमोनियम यांवर विश्लेषणाची सगळी शिस्त शिकवता येते. शिशाची ओळख एकदाच, सर्वांना मिळून करून द्या.

यासाठी मला फार आवडणारा एक उपाय आहे. लेड आयोडाइडचा पिवळा अवक्षेप गरम पाण्यात विरघळतो आणि थंड होताना सोनेरी पापुद्र्यांच्या रूपात परत येतो. विद्यार्थी तो पाहून हरखतात. स्क्रू-कॅपच्या जाड काचेच्या नळीत अगदी थोडा लेड आयोडाइड आणि अर्धी नळी पाणी घ्या, वरचा अर्धा भाग रिकामा ठेवा आणि झाकण पक्कं लावा. दरवर्षी ही नळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवायची, बर्नरवर कधीच नाही. द्रावण स्वच्छ झालं की बाहेर काढून मुलांच्या हातात हळूहळू थंड होऊ द्यायची. तीच नळी कितीतरी वर्षं चालते आणि शिशाचा एक थेंबही बेसिनात जात नाही.

अमोनियमच्या चाचणीला नेसलरचं अभिकारक वापरतात, त्यात पारा असतो. कॉस्टिक सोड्याबरोबर किंचित गरम करून नळीच्या तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा होतो, तेवढा पुरावा पुरे. पाऱ्याचे तापमापक मोडतील तसे त्यांच्या जागी अल्कोहोलचे घ्या. पाण्यात गेलेला पारा माशांमार्गे माणसात कसा येतो, हे जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ साली उघडकीला आलेल्या विषबाधेने जगाला दाखवलं. ब्रोमाइड-आयोडाइडच्या चाचणीतला कार्बन टेट्राक्लोराइड ओझोनच्या थराला घातक आहे. मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांनीही २०१० पासून तो वापरातून काढायचं ठरलं. चाचणीत सुटलेल्या आयोडीनची खात्री स्टार्चच्या एका थेंबाने होते. एवढ्या सोप्या ठिकाणी हा द्रावक अजून बाटलीतून बाहेर का काढावा?

पदवीच्या वर्गांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने हरित रसायनशास्त्राच्या प्रयोगांची एक पुस्तिका काढली आहे. ती प्रत्येक विभागात असायला हवी. ॲनिलिनपासून ॲसिटॅनिलाइड करताना ॲसेटिक अनहायड्राइडऐवजी ॲसेटिक आम्ल आणि जस्ताची पूड, ब्रोमिनेशनसाठी द्रवरूप ब्रोमिनऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट, असे बदल त्यात आहेत. बेंझॉइन करताना सायनाइडच्या जागी थायमिन, म्हणजे आपलं ब-१ जीवनसत्त्व वापरता येतं. एखाद्या वर्गासमोर सायनाइडची बाटली आणि जीवनसत्त्वाची बाटली शेजारी शेजारी ठेवून दाखवा. त्यानंतर हरित रसायनशास्त्रावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

एका बॅचचा पदार्थ दुसऱ्या बॅचने वापरणं ही मला सगळ्यात शहाणपणाची वाट वाटते. विद्यार्थी मोहरचा क्षार तयार करतात, शिक्षक त्याचे स्फटिक पाहून सही करतात आणि महिन्याभराने ते स्फटिक फेकले जातात. त्याच वेळी शेजारच्या कपाटात परमँगनेटच्या अनुमापनासाठी विकत आणलेला मोहरचा क्षार असतो! मुलांनी केलेला क्षार सुकवून, बाटलीत भरून ठेवा आणि पुढच्या बॅचला तोच अनुमापनाला द्या. त्याची शुद्धता किती हेही अनुमापनातून निघेल, म्हणजे एकाच कामात दोन प्रयोग झाले. ॲसिटॅनिलाइड तयार झालं की त्याचंच पुढे ब्रोमिनेशन करावं. रॉजर शेल्डन यांनी औद्योगिक उत्पादनासाठी एक साधं माप सुचवलं आहे. एक किलो पदार्थ तयार करताना किती किलो कचरा होतो, एवढंच त्यात मोजतात. औषधनिर्मितीत तो आकडा पंचवीस ते शंभरच्या घरात जातो. आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या ॲसिटॅनिलाइडचा हा आकडा काढायला लावा. नुसत्या उताऱ्याच्या टक्केवारीपेक्षा त्यांना बरंच जास्त कळेल.

पाण्याचाही हिशेब

प्रदूषणाच्या चर्चेत पाणी मागे राहतं. कंडेन्सरचा नळ मिनिटाला एक लिटर या वेगाने तीन तास चालला, तर एका विद्यार्थ्यामागे १८० लिटर पाणी जातं. वीस जणांचे ३६०० लिटर. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात एप्रिल महिन्यात हे पाणी किती घरांना पुरेल, याचा विचार नळ सोडण्याआधी व्हायला हवा. कूलरला लावतात तो छोटा पंप बादलीत सोडा, पाण्यात बर्फाचे दोन-चार खडे टाका आणि तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवा. तीन तासांत एक बादली पुरते. ज्या द्रवाचा उत्कलनबिंदू १४० अंशांच्या वर आहे, त्याला तर पाण्याच्या कंडेन्सरची गरजच नसते, साधा हवेचा कंडेन्सर लावावा. ऊर्ध्वपातित पाण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं कोमट पाणी टाकीत साठवून काच धुवायला वापरा.

नळाला जोडलेला गाळणपंप तर पाणी वाया घालवतोच, पण ओढलेली द्रावकांची वाफही पाण्याबरोबर गटारात नेतो. घड्या घातलेल्या गाळणकागदाने काम भागत असेल तिथे तो लावूच नये.

चार बरण्या

काहीही केलं तरी थोडा कचरा उरतोच. तो वेगळा ठेवला तर आटोक्यात राहतो, एकत्र झाला की त्याचं काहीच करता येत नाही. प्रत्येक टेबलावर रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या चार बरण्या ठेवा. एक शिसं आणि बेरियमची, एक क्रोमियमची, एक तांबं-निकेल-जस्ताची आणि चांदीची छोटी, गडद रंगाची. आम्ल आणि अल्कलीसाठी दोन मोठे कॅन बाजूला असू द्या. झाकणाच्या रंगावरून ओळख पटली पाहिजे, कारण घाईत कुणी लेबल वाचत नाही. बरणी पाऊण भरली की बदलायची.

आता प्रक्रिया. ही कामं शिक्षकाने किंवा अनुभवी सहायकाने हातमोजे आणि चष्मा घालून, धूरकपाटात करायची आहेत. विद्यार्थ्यांना पाहू द्या, पण बरणी त्यांच्या हाती देऊ नका.

शिसं-बेरियमच्या बरणीत सोडियम सल्फेटचं द्रावण घाला. बेरियमचा सल्फेट लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतो. पोटाच्या एक्स-रेसाठी रुग्णाला बेरियम पाजतात तो हाच, विरघळत नसल्यामुळेच निर्धोक. मग धुण्याच्या सोड्याचं द्रावण हळूहळू घाला. आम्ल असेल तर फेस येईल, म्हणून घाई नको. पीएच ८ ते ९ वर आला की थांबा. इथे कॉस्टिक सोडा वापरू नका, कारण तो जास्त झाला की शिसं परत विरघळतं. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ गाळून सुकवा आणि त्याच्यासाठीच्या बरणीत ठेवा.

तांब्याच्या द्रावणात लोखंडी खिळे किंवा लोखंडाचा कीस टाकून दोन दिवस ठेवा. लालसर तांबं खाली बसतं आणि उरलेल्या पाण्यात हिराकस असतं. त्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून ते आठवड्याच्या आत क्रोमियमसाठी वापरा. निकेल आणि जस्त यांना सोड्यानेच अवक्षेपित करावं लागतं, खिळ्यांचा तिथे उपयोग नाही.

क्रोमियमकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. नारिंगी डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम आधी तीन संयुजेवर आणायचं आणि मगच अवक्षेपित करायचं, हा क्रम उलटला तर सगळी मेहनत वाया जाते. द्रावण पाण्याने पातळ करा, सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते ३ वर आणा आणि हिराकस किंवा सोडियम बायसल्फाइट थोडं थोडं घाला. एक ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेटला साधारण ५.७ ग्रॅम हिराकसाचे स्फटिक लागतात, बायसल्फाइट मात्र फक्त १.१ ग्रॅम पुरतं. प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच घ्यावं. हिराकस स्वस्त आहे, पण लोखंडाचा गाळ त्यात मिसळल्याने नंतर सांभाळायचा गाळ फार वाढतो. बायसल्फाइटचा गाळ कमी, पण त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून धूरकपाट चालू असल्याशिवाय ते वापरू नका. नारिंगी रंग पूर्ण जाऊन हिरवा आला की चुन्याने किंवा सोड्याने पीएच ८ ते ९ करा. हिरवट गाळ खाली बसेल. जुन्या क्रोमिक आम्लाच्या मिश्रणाची बाटली कपाटात असेल तर तिच्यात दाट सल्फ्युरिक आम्ल आहे हे विसरू नका. आधी ती भरपूर गार पाण्यात अगदी थोडी थोडी ओतून पातळ करावी लागते, आणि हे काम एकट्याने करायचं नाही.

चांदीची बरणी मात्र वर्षभर सांभाळावी अशी असते. मिठाचं पाणी घातलं की सिल्व्हर क्लोराइडचा दह्यासारखा अवक्षेप बसतो. सिल्व्हर नायट्रेटच्या वजनात साडेत्रेसष्ट टक्के चांदी असते. वर्षाअखेरीला जमलेला क्लोराइड जस्त आणि विरल सल्फ्युरिक आम्लाने चांदीवर आणता येतो, आणि ती परत नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट करण्याचा प्रयोग पदवीच्या मुलांना देता येतो. फक्त टॉलेन्सचं अभिकारक या बरणीत कधीही टाकू नका. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. आरशाची चाचणी झाली की त्याच दिवशी, त्याच तासाला ते विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा आणि मगच चांदीच्या बरणीत घाला.

आम्ल आणि अल्कलीचे कॅन एकमेकांत सावकाश मिसळले की पुष्कळसं काम आपोआप होतं. उरलेली कसर सोड्याने किंवा विरल आम्लाने भरून पीएच ६ ते ९ च्या दरम्यान आला की ते पाणी बेसिनात सोडायला हरकत नाही. त्यात जड धातू नसल्याची खात्री मात्र हवी. साधं मीठ, साखर, सोडियम-पोटॅशियमचे निरुपद्रवी क्षार बेसिनात गेले तरी चालतात. सगळंच साठवायचं म्हटलं तर कुणीच काही साठवणार नाही.

काय काय एकत्र करायचं नाही, ते मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल किंवा ॲसिटोन एका बाटलीत आले तर बाटली फुटू शकते. सोडियम हायपोक्लोराइटवर आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. सल्फाइडच्या अवक्षेपावर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणात अल्कली गेली तर ते भडकून तापतं. म्हणून क्लोरीन असलेले द्रावक वेगळ्या बाटलीत आणि बाकीचे वेगळ्या. ॲसिटोन ५६ अंशांवर उकळतं, त्यामुळे काच विसळायला वापरलेलं ॲसिटोन ऊर्ध्वपातन करून परत विसळण्यालाच वापरता येतं. धूरकपाटात उघड्या बीकरमध्ये द्रावक उडवून देणं याला विल्हेवाट म्हणत नाहीत, तो फक्त छपरावरून गावात सोडला जातो.

मार्च महिना आणि मागचं कपाट

अनुदान ३१ मार्चच्या आत खर्च व्हायला हवं म्हणून ५०० ग्रॅमच्या बाटल्या मागवल्या जातात. कॅडमियम नायट्रेट वर्षाला वीस ग्रॅमही लागत नाही. पंचवीस वर्षांनी ती बाटली मागच्या कपाटात अर्धी भरलेली सापडते, वाफांनी लेबल गळालेलं असतं, आणि तेव्हा ती रसायनाची बाटली उरलेली नसते, धोकादायक कचरा झालेली असते. मोठी बाटली ग्रॅममागे स्वस्त दिसते, पण तिच्या विल्हेवाटीचा खर्च दरपत्रकात लिहिलेला नसतो.

म्हणून लागेल तितकंच मागवा. तालुक्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांनी क्वचित लागणारी रसायनं वाटून घेतली तर फार बरं. प्रत्येक बाटलीवर आल्याची आणि उघडल्याची तारीख लिहा, लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि जुनी संपल्याशिवाय नवी फोडू नका. डेडस्टॉक तपासणी आपण वर्षातून एकदा करतो, तिच्याबरोबरच रसायनांचीही करा. जुन्या ईथरच्या बाटलीत पेरॉक्साइड साठलेले असू शकतात आणि वाळलेलं पिक्रिक आम्ल धक्क्यानेही स्फोट पावतं. अशी बाटली सापडली तर झाकण फिरवून पाहू नका, हलवू नका. दार बंद करून तज्ज्ञांना बोलवा.

घातक कचऱ्याचे नियम २०१६ सालचे आहेत. त्यांनुसार असा कचरा साधारणपणे ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही. थोडा कचरा करणाऱ्यांना मंडळाच्या परवानगीने मुदत वाढवून मिळू शकते. आपल्या महाविद्यालयाला यातलं नेमकं काय लागू होतं, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रं आहेत. एकट्या महाविद्यालयाचे दोन-चार किलो न्यायला गाडी येणं अवघड, पण जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मिळून एक दिवस ठरवला तर ते शक्य होतं. विद्यापीठाने यात पुढाकार घ्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नॅकच्या भेटीआधी हरित परीक्षणाचा अहवाल छापून घ्यायला पैसे सापडतात, तर सुकलेला गाळ योग्य जागी पोचवायलाही सापडले पाहिजेत.

बरण्या ठेवल्या, भिंतीवर तक्ते लावले, तरी पहिले दोन महिने मुलं बेसिनाकडेच वळतात. आम्ही जर्नलच्या निरीक्षण तक्त्यात एक रकाना वाढवला होता. चाचणी, निरीक्षण, अनुमान आणि चौथा रकाना, "हे कुठे गेलं?" प्रत्येक ओळीसमोर बरणीचं नाव लिहायचं. तो रकाना रिकामा असेल तर जर्नलवर सही नाही आणि तोंडी परीक्षेत त्यावर एक प्रश्न ठरलेला. तेवढ्याने बेसिनाची सवय सुटली. आणखी काही करावं लागलं नाही.

शेवटी ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही त्यांच्याबद्दल. विद्यार्थी आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत येतात, शिक्षक रोज काही तास. परिचर सकाळी दार उघडण्यापासून संध्याकाळी बेसिन घासेपर्यंत तिथेच असतात. ब्रोमिनची वाफ, नायट्रेटच्या चाचणीतला तपकिरी वायू आणि बेसिनातलं मिश्र पाणी यांचा पहिला आणि शेवटचा संबंध त्यांच्याशी येतो, बहुतेक वेळा उघड्या हातांनी. येत्या मार्चमध्ये मागणीपत्रक भरताना एक क्षाराची बाटली कमी करा आणि त्या पैशांत त्यांच्यासाठी चांगले हातमोजे आणि चष्मा मागवा. पत्रकावर ती नोंद सर्वांत वर लिहा.